आई छापलंय तिथं

उचगाव, २००१

सौंदर्या,

नर्सिंगच्या कोर्सला सांगलीला जाताना तू पालकत्वाचं पुस्तक माझ्या हातात ठेवलंस. मला मोठ्यानं वाचल्याबिगर काय डोक्यात शिरत न्हाय. ‘आईने मुलीला जवळ घ्यावे’ असं आलं, की मी ‘आप्पाने’ वाचायचो. मांडीवर सुष्मी असायची.

काल तिनं पानावर बोट ठेवलं. “आप्पा, हितं आई लिवलंय की.”

मग ती सोताच अक्षरं लावत पुढं वाचाय लागली. आई आली की थांबायची, माझ्याकडं बघायची आन् ‘आप्पा’ म्हणायची.

आपल्या पोरीला वाचाय येतंय, सौंदर्या.

हे तुला पाठवत न्हाय. कोर्स सोडून येशील.

तुझा, सध्याची आई,
वीरेश