सीटवरची शिवण

मंगळवार, ९ तारीख

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, शिलाई मशीनही कुरकुरतं, दोघांना तेल घालून दिवस ढकलते. सध्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या सोफ्याची कव्हरं चालली आहेत. तू माझे फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र काकांच्या हाती देते आहे. त्यांना चहा दे आणि पत्र त्यांच्यासमोरच वाच.

काका म्हणाले, रविवारी तू जुनी क्वाड आणणार आहेस, शर्यतीची. तू पाठवलेला फोटोही त्यांनी दाखवला. हँडल मोटारसायकलचं, चाकं चार आणि अक्कल एकालाही नाही, असं मी तुझ्या बाबांना म्हणायचे, आठवतं? घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. मागे म्हणाले तर तू बॅग भरलीस. फक्त जुनी गाडी कशी बघायची तेवढं ऐक. बाबा गेल्यावर त्यांची दुरुस्तीची पुस्तकं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढली आहेत, तेव्हा हसू नकोस.

गेल्या गेल्या इंजिनाला हात लाव. गरम लागलं तर विकणाऱ्याने तू यायच्या आधी ते चालवून ठेवलं आहे. थंड होऊ दे, मग चालू करायला सांग. निळा धूर आला तर आत तेल जळतं आहे. पुढचं चाक वर-खाली धरून हलव, खडखडलं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट गेला. चेनच्या दातेरी चाकाचे, स्प्रॉकेटचे, दात मांजरीच्या नखांसारखे वाकले असतील तर ते चाक चेनसकट बदलावं लागेल. मागची चाकं उचलून फिरव, डगमगली तर एक्सल वाकला आहे. एअर फिल्टरच्या आत धूळ दिसली तर ती इंजिनातही गेलीच समज. यातलं काही निघालं तरी घाबरू नकोस. झिजलेलं बदलता येतं.

फ्रेम मात्र नीट बघ. पायदानाच्या मागे बघ. तिथला रंग बाकीच्यापेक्षा नवा वाटला तर खरवड. विकणारा ओरडला तर ओरडू दे.

मी उगाच लांबण लावते आहे.

फोटोत सीट दिसते. तिच्या कडेने दुहेरी टाका आहे, आणि डाव्या कोपऱ्यात तो वळायचा सोडून सरळ गेला आहे. तिथे माझी सुई मोडली होती. उसवून पुन्हा घालते म्हटलं, तर तुझे बाबा म्हणाले, "राहू दे गं, माझ्या बुडाखाली कोण बघायला येतंय." रंग बदलला, प्लास्टिक बदललं, पण सीट माझीच आहे. भिंगरे, ती बाबांची गाडी आहे. भंगारवाल्याने कापून टाकतो म्हणून शब्द दिला होता. त्याने कापली नाही. कुणीतरी जोडून, रंगवून ती विकायला काढली आहे.

की हे तुला माहीत आहे? माझा टाका तूही ओळखतेस. म्हणूनच तर ती गाडी घेत नाहीस ना?

मग हेही ऐक. बाबा वेगापायी गेले असं सगळे म्हणतात, आणि मी कुणाचं बोलणं खोडलं नाही. वेग नव्हता. उतारावरून हळूच येत होते. फ्रेम तुटली, पायदानाच्या मागे त्यांनीच वेल्डिंग केलं होतं तिथे. तुटलेली जागा मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यांचं वेल्डिंग वाईट नव्हतं. पण फुगीर सांधा त्यांना खपायचा नाही. कानस घेऊन घासत बसायचे, वरून बोट फिरवलं तरी कळू नये इतका सपाट करायचे, मग रंग. "सांधा दिसला तर कारागीर कसला?" म्हणायचे. अगं, मी शिवणारी बाई. शिवणीला कडेचं जादा कापड, माया, ठेवली नाही तर कापड निसटणारच, आणि सांध्याचा फुगवटा म्हणजे त्याची मायाच. हे मला त्यांच्या माघारी पुस्तक वाचून कळावं?

त्यांचा हातच त्यांना नडला, हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगू? तू तर त्याच हाताखाली वेल्डिंग शिकलीस. काकांच्या फाटकाचा सांधा तूही घासून सपाट केला आहेस. काका कौतुकाने त्यावरून बोट फिरवून दाखवतात, आणि मी त्या फाटकाला टेकत नाही.

घेऊ नकोस, बाळा. म्हणणार नव्हते, पण म्हणते आहे. त्या सीटवर बसून बाबा भेटणार नाहीत.

तरीही घेणारच असलीस तर मी येईपर्यंत तिच्यावर बसू नकोस. काकांजवळ फक्त "ये" एवढा निरोप दे, गुडघ्यासकट येते. तू गाडीखाली शिर, उजेडाला बॅटरी मी धरते. रंग खरवडून आधी दोघी मिळून बघू. कानस मात्र आणू नकोस.

आयुष्यभर त्यांना बॅटरी धरणारी,
तुझी आई