सात नंबरचं बावखल

उमेळे,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप श्रीपतमामांच्या पायाशी भाचा हरेशचा नमस्कार, आणि हंसामामींना त्याहून चार इंच जास्त वाकून.

तुमचा गुडघा कसा आहे? मामी चोळतात ते तेल गुडघ्याला लागू पडलं की अजून नुसतं उशीच्या अभ्र्यालाच लागतंय? परवाच्या वाऱ्यात केळी आडवी झाली नाहीत ना? आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर गेले बावीस दिवस भीतीने मला जेवण जात नाही आणि समोरच्याने घसा खाकरला तरी मी खुर्चीतून अर्धा उठतो. (रचना म्हणते, वजन उतरलं, शर्ट आता नीट बसतो. बायकोला नवऱ्याच्या भीतीतही काही तरी चांगलं दिसतं.) फोन का नाही केला म्हणाल, तर तुम्हाला ऐकू कमी येतं, म्हणजे मला ओरडून बोलावं लागणार, आणि आमच्या घराच्या भिंती साडेचार इंची आहेत. त्या मीच काढल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यातून किती ऐकू जातं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

मी आर्किटेक्ट झालो तेव्हा तुम्ही तुमच्या वटार गावभर पेढे वाटून ‘भाचा इंजिनेर झाला’ असं सांगितलंत. मी तेव्हा रागावलो होतो. आता वाटतं, नुसता इंजिनेर झालो असतो तर बरं झालं असतं. इथे मी एकटा तीन माणसं होऊन बसलोय. सकाळचा हरेश ऑफिसात बिल्डरांसाठी गाळे, पार्किंग आणि फ्लॅट काढतो. दुपारचा हरेश चंदनसारला कॉलेजात जाऊन पोरांना सांगतो की असले गाळे, पार्किंग आणि फ्लॅट काढणाऱ्यांनीच वसईची वाट लावली. आणि रविवारचा हरेश तेच तळटिपा जोडून लिहितो आणि विद्वान म्हणवून घेतो. या तिघांची एकमेकांशी गाठ पडू न देणं हे माझं चौथं काम, आणि ते मी वीस वर्षं फार शिस्तीत केलं. गेल्या महिन्यात तिघे एकाच ठिकाणी भेटले, ते माझ्याच बिल्डिंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात.

सुरुवातीपासून सांगतो. आठ वर्षांपूर्वी मी उमेळ्यातल्या बावखलांवर निबंध लिहिला होता. बावखल म्हणजे काय हे तुम्हाला सांगणं म्हणजे मामींना भाकरी थापायला शिकवणं, पण निबंधात मी चार पानं खर्ची घालून सांगितलंय: वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं, पावसात भरणारं, आजूबाजूच्या विहिरी वर्षभर जिवंत ठेवणारं. हे सगळं तुम्हीच मला तुमच्या ओटीवर बसून सांगितलं होतंत. मी ते उतरवून घेतलं आणि तळटिपेत तुमचं नाव ‘एक स्थानिक शेतकरी’ असं घातलं. (त्याची माफी मागायची राहून गेली होती, ती इथे उरकतो.) निबंधासोबत नकाशा होता, त्यात अकरा बावखलं नंबर देऊन दाखवली होती. त्यांतलं सात नंबरचं सगळ्यांत देखणं. त्याच्यावर मी दीड पान लिहिलं, त्याचा फोटो छापून आला, आणि वर्गात त्याचं चित्र पडद्यावर दाखवताना दरवर्षी माझा आवाज आपोआप जड होतो. शेवटी मी म्हणतो, “जो बावखल बुजवतो तो शेजाऱ्याच्या विहिरीला तोंड दाबून मारतो.” पोरं हे वाक्य वहीत लिहून घेतात. एकीने तर त्याचं पोस्टर केलं.

त्यानंतर दोन वर्षांनी कल्पेश बिल्डर आमच्या ऑफिसात आला. उमेळ्यात प्लॉट घेतलाय, सात मजले काढायचेत. मी बघायला गेलो तेव्हा जमीन कॅरमच्या बोर्डासारखी सपाट होती, लाल मातीची भर पडलेली, झाड एकही नाही. आता सपाट जमिनीच्या पोटात काय आहे हे कोणाला दिसतं? मी नकाशे काढले, सह्या केल्या, बिल्डिंग उभी राहिली. कल्पेशने तिला नाव दिलं ‘लेक व्हिस्टा’. लोक विचारायचे, लेक कुठे आहे? कल्पेश म्हणायचा, “फील घ्यायचा, शेठ.” रचनाला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आवडला, आम्ही राहायला आलो, आणि तीन पावसाळे सुखाने गेले.

यंदा जुलैत लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरायला लागलं. पंप लावला की उतरायचं, पंप थांबला की पुन्हा तेवढंच. बावीस दिवसांपूर्वीची, म्हणजे माझी भीती सुरू झाली त्या सकाळची गोष्ट: वॉचमन वर आला आणि म्हणाला, “सर, लिफ्ट के नीचे मछली है.” मी टॉर्च घेऊन खाली गेलो. बोटभर लांबीचा मासा होता, मामा. एकटा नव्हता. (कल्पेशला फोन केला तर म्हणाला, टाकीतून आला असेल. टाकी सातव्या मजल्याच्या वर आहे.) संध्याकाळी सोसायटीची मीटिंग भरली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात डॉक्टर असला की सर्दी त्यालाच दाखवायची. मी उभा राहिलो आणि ‘भूजलपातळीतील हंगामी चढउतार’ यावर चाळीस मिनिटं बोललो. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “पावसाळ्यात पाणी चढतं ते समजलं, मासे काय बघायला चढतात?” पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. बिल्डिंगला धोका नाही, हे मात्र खरं सांगतो. पाया खडकापर्यंत गेलाय, आकडे मी या महिन्यात तीनदा तपासलेत. धोका मला आहे.

कारण सुझान. ही माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, अर्नाळ्याच्या मच्छीमार घरातली, आणि मापाला इतकी पक्की की कॉलेजची इमारत कागदावर आहे त्यापेक्षा नऊ इंच आखूड आहे हे तिनेच शोधून काढलं. तिने प्रबंधाला विषय घेतला: सरांच्या नकाशातली अकरा बावखलं आज कुठे आहेत. मला आधी फार अभिमान वाटला. मग एके दिवशी ती माझा नकाशा आणि मोबाईल घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तीनदा बघितलं. सात नंबर तुमच्या पार्किंगमध्ये येतंय. माझंच कायतरी चुकतंय ना?” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “सॉरी सर.” त्या क्षणी वाटलं जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, पण मग आठवलं, आमच्या जमिनीच्या पोटात काय आहे ते.

दुसऱ्या दिवशी ती मोबाईलवर विश्वास नको म्हणून टेप घेऊन आली आणि गावच्या विहिरीपासून मोजायला लागली. मी गच्चीवरून पाण्याच्या टाकीआड उभा राहून बघत होतो. (सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पदव्या, एक पारितोषिक, टाकीच्या मागे.) त्या दिवसापासून मला सगळ्याचीच भीती वाटते, मामा. टेप ओढल्याचा आवाज आला की घाम फुटतो. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, रचनाला व्यायाम म्हणून सांगतो. वर्गात ते वाक्य म्हणायची वेळ आली की खोकला येतो. शेवटी मी सुझानला बोलावून सांगितलं की विषय फार मोठा आहे, तू ‘सार्वजनिक बागेतील बाकांची रचना’ घे. तिचा मंजुरीचा फॉर्म माझ्या सहीसाठी ड्रॉवरमध्ये पडून आहे, शेवटची तारीख शुक्रवार.

असं चाललंय. बाकी काही विशेष नाही, सहजच लिहिलं. मामींच्या हातचं खाऊन फार दिवस झाले.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
हरेश

ता. क. एक बारीकसं काम होतं, जाता जाता लिहितो. पुण्याची एक संस्था माझ्या लेखांचं पुस्तक काढते आहे, आणि शनिवारी त्यांचे तीन विद्वान सात नंबरचं बावखल डोळ्यांनी पाहायला आणि मुखपृष्ठाला फोटो काढायला येताहेत. तर त्या दिवशी दोन तास तुमचं बावखल सात नंबर म्हणून द्याल का? पुण्याहून येणाऱ्याला उमेळं काय नि वटार काय, मी गाडी अशी फिरवून आणीन की त्यांना दिशा उरणार नाही. तुम्ही फक्त काठावर बसायचं आणि बोलायचं नाही. तुम्ही बोललात की पहिल्याच वाक्यात खरं बोलता. मामींनी पंपावर केळीची पानं टाकून ठेवावी, फोटोत पंप नको. आणि विचारलंच कोणी, तर तुम्ही एक स्थानिक शेतकरी.

ता. क. दुसरा, बुधवार. वरचं सगळं लिहून पाकीट चिकटवून खिशात घातलं आणि कॉलेजला गेलो. सुझान बाकांचे बारा नकाशे करून घेऊन आली होती. एकेक बाक असा सुबक, की बसावंसं वाटावं. नकाशे टेबलावर ठेवून म्हणाली, “सर, मी बाक घेते. मला नकाशा वाचताच येत नसेल कदाचित. वॉचमनने लिफ्टखालचे मासे दाखवले, त्यावर आजोबा बोलले, मासा आला म्हणजे पानी जुन्या घरी आलं, म्हणून मी उगाच हट्ट धरला.” आणि बारावा नकाशा पट्टी लावून पुन्हा एकदा मोजला. मामा, माझ्या वर्गात हिच्याइतकं अचूक मोजणारं कोणी झालं नाही, आणि ती माझ्यासमोर उभी राहून म्हणत होती की तिला मोजता येत नाही. आजवर मी माझ्यासाठी घाबरत होतो. तेव्हा पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली. ड्रॉवर उघडून तिच्या पहिल्या विषयावर सही केली. पाकीट फाडलं. म्हणून हे लिहितोय.

ता. क. तिसरा, आणि आधी लिहायला हवा होता तो. जमीन कॅरमच्या बोर्डासारखी होती हे खोटं आहे. मी गेलो तेव्हा भर अर्धीच पडली होती, पश्चिमेच्या पायऱ्या उघड्या होत्या, आणि त्यांतल्या तिसऱ्या पायरीवर बसून आई कपडे धुवायची. ते आमच्याच घरचं बावखल, माझ्या चुलत्यांनी विकलेलं. मी नकाशावर तिथे ‘खड्डा’ असं लिहिलं आणि खाली सही केली. त्याच महिन्यात तुम्ही मला विचारलं होतंत, “हरेश, ताईचं पानी तर बुजवत नाय ना रे?” आणि मी म्हणालो होतो, “नाही मामा, ते पलीकडचं.” तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत. मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी चहा मागितला.

ता. क. चौथा. हे पत्र पोस्टाने येत नाही. तुमच्या ओटीवर समोर बसलेली मुलगी सुझानच आहे, तिला चहा द्या. हे नवं पाकीट मी चिकटवलेलं नाही. वाटेत वाचलं असेल तर वाचू दे, नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. पुण्याच्या मंडळींना मी कळवलंय की शनिवारी लेक व्हिस्टाच्या पार्किंगमध्ये या, छत्री आणि गमबूट आणा. आता सुझान तुम्हाला विचारेल, सात नंबर किती खोल होतं. निबंधात मी अठरा फूट लिहिलंय ते अंदाजाने. त्यात पोहायला शिकवताना तुम्ही माझ्या पाठीला दोन सुके नारळ बांधायचात आणि शिवाय पोटाखाली हात धरायचात, त्यामुळे माझा पाय तळाला कधी लागलाच नाही. तुम्ही बुडी मारून तळाची माती आणून दाखवायचात. खरं माप तुम्हालाच ठाऊक आहे, तिला सांगा. आणि या वेळी तळटिपेत तुमचं नाव ती लिहील.