मोठीचे कोरे पेपर

दि. ९ सप्टेंबर

ती. स्व. आक्का हिस,
बाळचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर आपण दोघं नुसतं बरी आहेस ना, बरा आहेस ना करतो आणि ठेवून देतो. म्हणून कबूल केल्याप्रमाणे सविस्तर लिहायला बसलो आहे. अक्षराला हसू नकोस.

घर लागलं. दोनच खोल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर. खाली किल्ल्या करणाऱ्याचं दुकान आहे आणि दिवसभर त्याच्या मशीनची किरकिर चालू असते. मुलांच्या ती लगेच अंगवळणी पडली, माझे मात्र अजून दात शिवशिवतात. कोल्ड स्टोरेजमधलं काम ठीक आहे. मशिनं नवी आहेत, कुरकुर कमी करतात. दिवसभर त्या थंडीत राहून माझे हात लाकडासारखे होतात. मी घरी आलो की मोठी माझ्याकडे एकदा बघते आणि न सांगता पाणी गरम करायला ठेवते. तू तिला चांगलं तयार केलं आहेस.

शाळा दोघांची एकच आहे. बारक्या खालच्या मजल्यावर पहिलीत, मोठी वरच्या मजल्यावर शेवटच्या वर्गात. या वर्षी पास झाली की पुढच्या वर्षी तिला पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. इथली रीत निराळी आहे. पहिल्या दिवशी बाई वर्गात आल्या तेव्हा आपली मोठी एकटीच उठून उभी राहिली. बाईंना वाटलं हिला काहीतरी हवं आहे, त्यांनी विचारलं, तर ही बिचारी आणखीच ताठ उभी राहिली. शेवटी कोणीतरी खांदा दाबून बसवलं म्हणे. मुलं बाईंना नावानं हाक मारतात. मोठीला ते जमत नाही, म्हणून ती हाकच मारत नाही.

बारक्याची काळजी नाही. मधल्या सुट्टीत ती खाली जाऊन त्याचा डबा उघडून देते, कोटाची बटणं लावते. मी निर्धास्त आहे.

तब्येतीला जप. दवाखान्यात सगळ्यांना औषधं देतेस, स्वतः घेतेस का ते कळव. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाळ


दि. २८ सप्टेंबर

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. अक्षर वाचता आलं यातच सगळं आलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या भावाला माझ्या जागी बसवा, चिठ्ठ्या लिहायला शोभेल.

मोठीचं वाचून ऊर भरून आला. तिला मी विमानतळावर बाजूला घेऊन सांगितलं होतं. तू आत सामानाचं बघत होतास. तिला म्हटलं, बारक्याला तुझ्या ओटीत घातला आहे, आता तूच त्याची आई, त्याला नजरेआड करू नकोस. तिनं मान हलवली. तिच्याकडून मी शब्द घेतला आहे आणि पोर शब्दाची पक्की आहे. त्यांची आई गेल्यापासून दोघं माझ्या हाताखाली वाढली, तेव्हा मला माहीत आहे मी काय म्हणते ते.

अभ्यासाचं तर बोलायलाच नको. इथे पहिला नंबर कधी सोडला नाही तिनं. भाषा नवी आहे, थोडे दिवस अडखळेल, मग बघ कशी सुटते ती. पहिल्या परीक्षेचे मार्क आधी मला कळव, मग जगाला.

घर फार मोठं वाटतं आहे. सवयीनं तिघांचा स्वयंपाक होतो आणि मग दोन वेळा तेच जेवते. असो. त्यावर जास्त लिहीत नाही.

दोघांना जवळ घेऊन माझ्याकडून आशीर्वाद दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का


दि. १९ नोव्हेंबर

ती. स्व. आक्का हिस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मार्क आधी तुलाच कळवायचे होते, म्हणून कळवतो. मार्क नाहीत.

मला शाळेत बोलावलं होतं. लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. वर्गाच्या बाईंनी माझ्यासमोर मोठीचे पेपर ठेवले. सगळे कोरे. वर नीट, वळणदार अक्षरात नाव, आणि खाली काही नाही. भाषेचा पेपर कोरा हे मी समजू शकतो. गणिताचाही कोराच होता. आकड्यांना कुठली आली आहे भाषा.

बाई चांगल्या आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांचं म्हणणं, मुलगी घाबरली आहे किंवा तिला काहीच समजत नाही. मार्चमधली परीक्षाही अशीच गेली तर तिला याच वर्गात ठेवतील आणि वेगळ्या तुकडीत बसवतील, जिथे मंद गतीनं शिकवतात. त्या तुकडीतून पुन्हा वर येणं अवघड असतं, हेही त्यांनीच सांगितलं.

घरी येऊन विचारलं तर ती म्हणाली, येत नव्हतं. एवढंच. मान खाली, आणि बारक्याच्या पेन्सिलीला टोक करत बसली. रागावलो, मग समजूत काढली. दोन्हींचा उपयोग नाही. मी हात टेकले आहेत. तिची आई असती तर पोरीला काय विचारायचं ते तिला कळलं असतं.

तुला सुचेल ते लिही. तुझ्याशिवाय विचारणार कोणाला.

बाळ


दि. ८ डिसेंबर

चि. बाळ यास,
आशीर्वाद.

पत्र दवाखान्यातच वाचलं. औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या उलटसुलट लावणार होते, डॉक्टरांनी घरी पाठवलं.

माझं स्पष्ट मत ऐक. पोरीला ती शाळा मानवत नाही. जिथे बाई आल्या तरी कोणी उठत नाही तिथे काय शिस्त आणि काय शिक्षण. दोघांना परत पाठव. इथल्या शाळेत मी बोलून ठेवते, मुख्याध्यापक आपल्याच दवाखान्यात येतात, जागा देतील. तू तुझी नोकरी कर, सुट्टीत येऊन जात जा. आधी नाही का तसंच चाललं होतं.

हे मी माझ्यासाठी सांगत नाही. थोडं माझ्यासाठीही सांगते, खोटं कशाला बोलू. पण मोठीला मंद म्हणवून घ्यायला मी वाढवलेली नाही.

लवकर कळव. जीव टांगणीला लागला आहे.

आक्का


दि. १७ जानेवारी

ती. स्व. आक्का हिस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

कळवायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते समजत नव्हतं. आता समजलं आहे.

मी बारक्याच्या बुटाची नाडी बांधत होतो. त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी ताई पुलापलीकडे जाईल, तेव्हा हे तुलाच करायला हवं, शिकून घे. तो हसला. म्हणाला, ताई जाणारच नाही, तिनं सांगितलंय, ती मुद्दाम नापास होणार आहे.

मोठीला समोर बसवलं. तिनं काही लपवलं नाही. अगदी शांतपणे, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. पेपर तिला येत होते. गणिताचा तर सगळा येत होता, मी विचारलेली दोन उदाहरणं तिनं तोंडी करून दाखवली. पण पास झालं की ती पुलापलीकडे आणि बारक्या इथे. मग त्याला नजरेआड न करण्याचं कसं जमणार? मी म्हटलं, मी तुझा बाप आहे, मी सांगतो, तू मोकळी आहेस. तर म्हणाली, बाबा, शब्द तुम्ही घेतला नव्हता, आत्यानं घेतला होता.

बारक्याच्या बाईंनाही भेटलो. तो वर्गात एक अक्षर बोलत नाही. मधल्या सुट्टीत ताई येते आणि त्याला काय हवं, काय नको ते ती सांगते. उरलेला वेळ तो दाराकडे बघत बसतो. मी निर्धास्त आहे असं तुला लिहिलं होतं, ते हे.

परत पाठवण्याचं तू म्हणतेस. आक्का, तिकडे आली तरी ती हेच करेल. एकच उपाय मला दिसतो. तू तिला पत्र लिही आणि घेतलेला शब्द तिला परत दे. परीक्षा मार्चच्या शेवटी आहे. माझ्या सांगण्यानं होण्यासारखं असतं तर तुला गळ घातली नसती.

बाळ


दि. ४ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
आशीर्वाद.

मी असलं पत्र लिहिणार नाही.

मोठ्या बहिणीनं धाकट्या भावाकडे बघितलं यात कोणतं आभाळ कोसळलं? आईनं अंथरूण धरलं तेव्हा मी मोठीच्याच वयाची होते आणि तू रांगत होतास. शाळा सुटली ती सुटली. माझ्याकडून शब्दसुद्धा कोणी घेतला नव्हता, न घेताच मी केलं. मला मोकळी आहेस म्हणून कोणी पत्र लिहिलं नाही. मी काही मेले नाही. तू शिकलास, मशिनं दुरुस्त करायला परदेशी गेलास. आता तुला माझंच चुकलेलं दिसू लागलं.

पेपर कोरे दिले ते वाईटच केलं, त्यासाठी तिचा कान धर. पण तिच्या मायेला नावं ठेवू नकोस.

आक्का


दि. २१ फेब्रुवारी

ती. स्व. आक्का हिस,
शि. सा. नमस्कार.

वाद घालायला लिहीत नाही. मी जो काही आहे तो तुझ्यामुळे, हे मला कोणी सांगायला नको.

फक्त एक लिहितो. काल मोठी बारक्यासाठी सफरचंद कापत होती. ओट्यापर्यंत हात नीट पोचत नाही म्हणून टाचा उंचावून उभी होती. मी दारातून बघत राहिलो. मला लहानपणची तू आठवतेस ती मोठी बाई म्हणून. उंच, सगळं येणारी, कधी न थकणारी. काल पहिल्यांदा लक्षात आलं की तू तेव्हा एवढीशीच होतीस. टाचा उंचावून.

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आक्का.

तुला योग्य वाटेल ते कर. राग धरू नकोस, धरलास तरी पत्र पाठव.

बाळ


दि. १० मार्च

चि. मोठी हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. बाबांना वाचून दाखवलंस तरी चालेल, नाही दाखवलंस तरी चालेल.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात तुझ्याएवढी एक मुलगी आली होती. कडेवर धाकटा भाऊ, त्याला ताप. डॉक्टर त्याला विचारत होते कुठे दुखतं, आणि सगळी उत्तरं तीच देत होती. फार शहाणी आहे असं मला वाटलं, नेहमी वाटतं तसं. औषध देताना तिच्या हाताला हात लागला, तर तो भाजत होता. ताप तिला भावापेक्षा जास्त होता. घरात कोणाला कळलं नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं, आणि मीसुद्धा तिला बराच वेळ उभीच ठेवली होती.

घरी आले आणि रडले. कोणासाठी ते तू मोठी झालीस की सांगेन.

बाळे, मी तुला एक काम सांगितलं होतं. ते तू इतकं चोख केलंस की कोणी केलं नसतं. पण ते काम तुझ्या वयाचं नव्हतं आणि मी सांगायला नको होतं. तुझा शब्द मी तुला परत देते आहे. अर्धा नाही, सगळा. बारक्याला आई नाही, याचं दुःख आपल्या सगळ्यांना आहे, पण ती जागा तू भरायची नाहीस. त्याला बाप आहे, आणि तोंड त्याचं त्याला आहे. तू दाराशी आली नाहीस तर तो रडेल. रडू दे. मग कोणाला तरी काहीतरी बोलेल.

तू फक्त त्याची बहीण हो. त्याच्याशी भांड. त्याच्या वाटचं एखादं सफरचंद खा. आणि पेपर लिही. येतं तेवढं सगळं लिही.

तू पुलापलीकडे गेलीस तर शब्द मोडला असं होणार नाही. तू गेलीस तर मी सुखानं जेवेन.

तुझी,
आत्या


दि. १४ सप्टेंबर

ती. स्व. आत्या हिस,
सा. नमस्कार.

मी पुलापलीकडच्या शाळेत जाऊ लागले. बाबांनी मार्क तुला आधीच कळवले, म्हणून मी कळवत नाही. तुझं पत्र माझ्याकडेच आहे.

बारक्या पहिल्या दिवशी खूप रडला. दुसऱ्या दिवशी थोडा रडला. आता त्याच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे की तो वर्गात फार बोलतो. बाबा ती वाचून हसले आणि मग चष्मा पुसत बसले. सकाळी मी त्याला त्याच्या शाळेच्या फाटकाशी सोडते. काल त्यानं मागे वळून पाहिलंच नाही. मी थोडा वेळ तिथेच उभी होते.

ही शाळा चांगली आहे. अभ्यास जड नाही. एकच अडचण आहे. मधल्या सुट्टीत मला कुठे जायचं नसतं. मुली घोळका करून असतात, काही जणी भिंतीवर चेंडू मारतात. एक मुलगी रोज मला हात करते. मी डबा खाते आणि घंटा होईपर्यंत हात धुते. सगळ्यांना सुट्टीत काय करायचं ते माहीत आहे, मला नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, आत्याला विचार.

तू माझ्याएवढी होतीस तेव्हा मधल्या सुट्टीत काय करायचीस?

तुझी,
मोठी


दि. ३० सप्टेंबर

चि. मोठी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. घंटा झाली की मी घरी पळत जायची. आईला औषध द्यायची, तुझ्या बाबांना भरवायची, आणि पुन्हा पळत यायची. पुढे तर शाळाच सुटली. त्यामुळे मधल्या सुट्टीत मुली काय करतात ते मलाही माहीत नाही.

उद्या हात धुऊ नकोस. हात करणाऱ्या त्या मुलीकडे जा आणि ती काय करते ते बघ. तिच्याबरोबर थोडं करून बघ. जमलं नाही तरी घरी ये आणि मला लिही, काय खेळलात, कोण पळलं, कोण पडलं, कोण कोणावर रुसलं. काही गाळू नकोस.

मी वाट बघते आहे. मला खरंच समजून घ्यायचं आहे गं.

तुझी,
आत्या