खंडेनवमीला अंगावर पडलेल्या गोलपोस्टबाबत

प्रति,
मा. कारखाना निरीक्षक,
औद्योगिक सुरक्षा विभाग, पिंपरी-चिंचवड

विषय : कंपनीच्या मैदानावर फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीची जबाबदारी निश्चित करणे व गोलपोस्ट तातडीने पक्का करणेबाबत.

संदर्भ : मे. सप्तपर्ण प्रेस पार्ट्स, चाकण यांच्या चौकशी समितीचे दि. १७/१०/२०२५ चे पत्र.

महोदय,

मी, सयाजी बाबुराव गव्हाणे, वय ६१, रा. संत तुकाराम नगर, सदर कंपनीत फिटर असून मेंटेनन्स खात्याचा गोलकीपर आहे. निवृत्तीनंतरची मुदतवाढ फिटर म्हणून मिळाली की गोलकीपर म्हणून, यावर खात्यात दोन मते आहेत.

१) खंडेनवमीस प्रथेप्रमाणे मशिनी बंद ठेवून अवजारांची पूजा झाली. गोलपोस्ट कंपनीतच वेल्डिंग करून बनवलेला, म्हणून त्याला जमिनीशी जखडणारे बोल्टही काढून, पुसून, स्पॅनरांशेजारी पूजेत मांडले. मग प्रेस शॉपविरुद्ध सामना ठरला. बोल्ट बसवू द्या म्हणालो, तर एचआरचे अवधूतसाहेब म्हणाले, "सयाजीराव, पूजेतलं आज हलवायचं नसतं. खांब काय पळून जातोय?" खांब पळाला नाही. वारा सुटला तसा माझ्यावर आडवा झाला. उजव्या खांद्याचे हाड मोडले.

२) समिती म्हणते : "पूर्वी वादळात हाच गोलपोस्ट आपण एका हाताने सावरला व दुसऱ्याने पेनल्टी अडवली, असे अर्जदार कँटीनमध्ये वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. सबब साध्या वाऱ्यात त्याने इजा होणे असंभवनीय. दुखापत घरी झाली असावी."

३) यास साक्षीदार श्याम कोंडे. आम्ही एका डब्यात जेवलेली माणसे. ही गोष्ट निघाली की, "राव, किती फेकाल?" म्हणून तो उठून जाई. खंडेनवमीला खांब माझ्या अंगावरून सर्वांत आधी उचलला तोही त्यानेच. समितीपुढे मात्र त्याने सांगितले की, "वादळाची गोष्ट शब्दशः खरी आहे, मी डोळ्यांनी पाहिली. आणि खंडेनवमीचे मला काही आठवत नाही." त्याला कायम करण्याचा कागद अवधूतसाहेबांच्या टेबलावर आहे. महोदय, जन्मात प्रथमच कोणी माझ्यावर जाहीर विश्वास ठेवला आणि त्यातच मी बुडालो.

४) वादळाबाबत माझे म्हणणे आजही कायम आहे. मात्र त्या दिवशी बोल्ट घट्ट होते, ही बाब समितीने विचारातच घेतली नाही.

५) बोल्ट अद्याप बसवलेले नाहीत. आता बसवले तर तेव्हा नव्हते असे सिद्ध होईल, असा कंपनीच्या वकिलांचा सल्ला आहे. ते कुंकवासकट स्टोअरमध्ये पडून आहेत.

तरी दुखापतीची जबाबदारी कंपनीवर निश्चित करावी आणि येत्या रविवारच्या सामन्याआधी गोलपोस्ट पक्का करवून घ्यावा. पहिल्या मागणीस उशीर झाला तर मी थांबेन. दुसरीस उशीर नको. रविवारी माझ्या जागी श्याम उभा राहणार आहे. मी त्याला बजावून पाहिले. तो हसला आणि म्हणाला, "राव, किती फेकाल?"

आपला नम्र व सध्या डावखुरा,
(सही)
सयाजी बाबुराव गव्हाणे
दि. २७/१०/२०२५

सोबत :
१. खांद्याच्या एक्स-रेची प्रत
२. समितीचे पत्र
३. बोल्ट, नग एक (पाहून परत करावा, रविवारी लागेल)