औषधाला उपास नसतो

आई, तुला जाऊन सोळा वर्षं झाली आणि तुझ्यावरचा माझा राग परवाच्या सोमवारी गेला. हसू नकोस, खरंच सांगतेय.

तो श्रावणी सोमवार मी विसरले नव्हते. बुवापाड्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू वरणाला फोडणी देतेयस. सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही, पण शुगरची गोळी वेळेवर घेतलेली, कारण औषधाला उपास नसतो असं तूच म्हणायचीस. मला सातवा महिना. ताटं घेऊ का, एवढंच मी विचारते. तू वळतेस, कपाळावर घामाच्या धारा, आणि म्हणतेस, "तुला जन्म दिला हीच माझी चूक झाली." वरणाचं पातेलं ओट्यावरून ढकलून देतेस. मग दिवस मावळल्यावर उपास सोडतेस, चार घास खातेस आणि लाडानं विचारतेस, कधी आलीस गं, जेवलीस का? मला वाटलं, काय नाटकी बाई आहे ही. त्यानंतर मी माहेरी यायची ती पाहुण्यासारखी.

आता शुगर मलाही आहे, तुझीच देणगी. परवा गोळी घेतली आणि कडक उपास धरला, अगदी तुझ्यासारखा. चारच्या सुमारास लेकीनं विचारलं, भाजी कुठली करू. तेव्हा पोटात होती तीच ही. मी म्हणे तिला घरातून चालती हो म्हटलं, वर नको नको ते बोलले. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. पोरगी खमकी. तिनं माझ्या बोटाला सुई टोचली, मशीनवरचा आकडा बघितला आणि सरळ साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं मीच तिला विचारतेय, तू ऑफिसातून कधी आलीस?

बदलापूरच्या डॉक्टरीणबाई मला चांगल्याच रागावल्या. उपाशीपोटी ही गोळी घेतली की साखर खाली जाते, म्हणाल्या, आणि मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस भांडतो, बरळतो, नंतर त्याला काही आठवत नाही. सारखं असं झालं तर पुढे विसरभोळेपणाही येऊ शकतो. शेवटी शेवटी तू गॅस चालू ठेवून विसरायचीस, ते मी सांगितलं. असू शकेल, म्हणाल्या, आता खात्रीनं कोण सांगणार? मेंदू जपायचा तर आत्तापासून जपा. गोळी बदलली, रोज चालायला सांगितलं, उपास बंद. महादेव समजून घेईल. बाहेर बाकावर बसून मी रडले, पण जीव भांड्यात पडल्याचं ते रडणं. ते तू बोलली नव्हतीस, आई.

लेक विचारतेय, काय लिहितेस. ही वही मी तिलाही दाखवणार नाही, कारण एक सांगायचं राहिलंय. त्या संध्याकाळी फरशीवरचं वरण पुसता पुसता मी म्हणाले होते, "तू मेलीस तरी मी येणार नाही." तुला ऐकू गेलं की नाही, कधी विचारलं नाही. तुझी तर साखर उतरली होती गं. मी दुपारी पोटभर जेवले होते.