चाक भावोजींचे, फ्रेम माझी

मी, खाली सही करणारी, सायकलच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि चष्मा लावून करीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डॉक्टर आमचे गिऱ्हाईक आहेत, पण त्यांची सायकल सध्या आमच्याकडे नाही, म्हणून दाखला निःपक्ष मानावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी पुष्कळ बोलले आहे. ते सर्व रद्द.

१. राहते घर वरच्या माळ्यासह मुलाला द्यावे. न्हाणीघराचे दार खाली घासते, त्याला रंधा मारायला हवा. हे मी त्याच्या वडिलांना लग्नापासून सांगत होते. वडील वारले. आता मुलाला सांगते.

२. बँकेतली शिल्लक सुनेला. तिने ती कोणाला न विचारता खर्च करावी. मुलाने विचारल्यास हे कलम दाखवावे.

३. दुकान, म्हणजे पुढचा गाळा, मागची खोली, सामान आणि पाटी, माझ्या दिरांना द्यावे. मुलाला हे आवडणार नाही, म्हणून कारण लिहिते.

आम्ही जुन्या सायकलींना नवी चाके बसवतो. या चाकांचे गिअर आणि ब्रेक दोन्ही मधोमध, हबच्या पोटात असतात. रिम ओली झाली तरी हा ब्रेक लागतो. जुन्या फ्रेमा चांगल्या असतात, त्यांना फक्त थांबता येत नाही.

नवे हब जुन्या फ्रेमच्या मागच्या नळ्यांत मावत नाही. बोटभर जागा कमी पडते. आटे पाडलेली सळई आणि दोन नट घेऊन त्या नळ्या हळूहळू फाकवणे आणि दोरा ताणून दोन्ही बाजू तपासणे, हे माझे काम. स्पोक भरून चाक सरळ फिरते करणे भावोजींचे. मुलाचे वडील गेल्यापासून दुकान आम्ही दोघे असे चालवतो.

"वहिनी, फ्रेम डावीकडे कललीय."

"तुमची मान कललीय, भावोजी. दोरा बघा."

"दोऱ्याला काय कळतंय?"

"तो निदान गप्प बसतो."

हे रोज होते. त्याशिवाय चाक बसत नाही.

ब्रेकला एक दांडी असते. ती पट्टीने फ्रेमला आवळायची असते. आवळली नाही तर ब्रेक दाबताच दांडी चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागच्या जागी अडकते. मुलगा कॉलेजच्या एका सुट्टीत दुकानात बसला होता. पाववाल्याचे पुढचे चाक त्याने बसवले आणि पट्टी लावली नाही. पाववाल्याने उतारावर ब्रेक दाबला. सायकल थांबली. पाववाला थांबला नाही. तो मालासकट शिंप्याच्या दुकानात गेला आणि त्याचे मनगट मोडले. आत आलेले पाव शिंप्याने परत केले नाहीत. शिंप्याला मी माफ केलेले नाही.

पाववाला हात गळ्यात बांधून आला तेव्हा भावोजी म्हणाले, "पट्टी माझ्याकडून राहिली." मुलगा शेजारी उभा होता. तो पंपाची नळी गुंडाळू लागला. भावोजी चाक उचलण्याआधी पट्टी शोधतात, त्यामुळे मला काय ते कळले. मी मुलाला एकट्याला गाठून विचारले. तो म्हणाला, "ती पट्टी वाईट दिसत होती गं, आई."

मी खरे सांगायला पाववाल्याकडे निघाले तर भावोजी दारात आडवे उभे राहिले. "पोर आहे. जाऊ द्या, वहिनी." पाववाला अजून त्यांना सायकलला हात लावू देत नाही. इथे लिहिते आहे, कारण इथे मला कोणी मध्येच तोडू शकत नाही.

मुलाला गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचा आहे. म्हणतो, "काका येतील की आमच्याकडे. वरची खोली रिकामीच आहे." खोलीत ते काय करतील, असे मी विचारले. म्हणाला, "टीव्ही आहे ना."

म्हणून दुकान भावोजींना.

४. सळई, नट आणि दोराही भावोजींनाच. ते म्हणतात, मी डोळ्याने बघतो. त्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. दोरा घ्यावा.

५. माझी सायकल सुनेला. तिची बेल मीच काढली आहे. मी येते आहे हे लोकांना आधी कळू लागले होते.

६. वरील मजकूर वकिलांनी टाइप केला. हे कलम मी हाताने लिहीत आहे. आज भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीदार म्हणून आले. वकील म्हणाले, "तुम्ही चालणार नाही."

"का? सही येते मला."

"ज्याला काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये."

"मला काय मिळतंय?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो हात लांब करून वाचला. पाववाल्याचा भाग दोनदा वाचला.

"हे कशाला लिहिलंत, वहिनी?"

"खरं आहे म्हणून."

"दुकान पोराच्या नावावर करा. मी आहे तसा बसेन."

"तो बसू देणार नाही."

"मग ते पट्टीचं तरी खोडा. ते राहिलं तर दुकान मला नको."

वकिलांनी लाल पेन काढले. मी ते परत ठेवायला लावले. खोडलेले काहीही नाही. मात्र असे ठरवते: पट्टीचा भाग मुलाला फक्त भावोजींनी, दोघेच असताना, वाचून दाखवावा. त्यांना वाचायचा नसेल तर वाचू नये. शिंप्याबद्दलचे वाक्य सर्वांसमक्ष वाचावे.

हे ऐकून भावोजी बाहेर गेले. वकील म्हणाले, "आता?" मी म्हटले, "बसा." थोड्या वेळाने भावोजी शेजारच्या औषधवाल्याला आणि मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन आले आणि त्यांच्यासाठी खुर्च्या पुसल्या.

मजकूर माझा आहे. सही या दोघांसमोर केली.

सही: वहिनी (सगळी गल्ली मला असेच म्हणते, अधिकृत सही प्रत्येक पानावर खाली आहे)

साक्षीदार:
१. औषधवाले, शेजारचा गाळा
२. मुख्याध्यापिका, मुलींची शाळा

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १९ ऑगस्ट, सोमवार. दुकान बंद.