जेवायला आलेला भूकंप

मानाबी, १४ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि गुळाची ढेप मिळाली. ढेपेचा एक कोपरा मुंग्यांनी आधीच खाल्ला होता. तुझ्याकडच्या की आमच्याकडच्या, ते ठरवता आलं नाही. गुडघा कसा आहे? ग्वायाकिलच्या त्या जिन्यावरून उतरताना कठडा धरत जा, लाजू नको.

इकडे छावणी अजून शाळेच्या मैदानावरच आहे. भूकंपात घरं गेलेल्या बायकामुलांना बोलतं करणं, हे माझं काम. मी डॉक्टर नाही, नुसती मानसशास्त्र शिकलेय, हे सांगून थकले. डॉक्टरबाई हेच नाव पडलंय.

पहिल्या बैठकीची फजिती तुला कळवायची राहिली. मी खुर्च्या गोल मांडल्या, मन शांत व्हावं म्हणून मधे मेणबत्ती लावली, कॉफी ठेवली. बायका आत आल्या, मेणबत्ती पाहिली, डोक्यावर पदरासारखे रुमाल ओढले आणि जपमाळ सुरू केली. मला वाटलं, चला, मोकळ्या होतायत. शेवटी फेलिसिता आजीनं हळूच विचारलं, "डॉक्टरबाई, गेलं कोण?"

याच गावात वाढलेय मी. गोल खुर्च्या, मेणबत्ती, कॉफी म्हणजे मयताचं घर, हे मला सुचू नये? पुस्तकात तसं लिहिलं होतं, एवढंच माझं उत्तर.

"बोलायचंच तर चुलीपाशी बोलू," आजी म्हणाली. "हात रिकामे असले की तोंड उघडत नाही आमचं. तोंगा बांधू." केळीच्या पानात भात, कोंबडी, वर दाण्यांचा रस्सा, तुझ्या तोंडाला पाणी सुटलं असेल. पण तंबूत जाळ करायला बंदी, आणि आसपास शाबूत राहिलेली मोठी चूल एकच. आपल्या घरातली, आईची.

मी म्हटलं, पाहू.

मुलांचं बरं चाललंय. त्यांनी भूकंपाचा खेळ काढलाय. आजीची सहा-सात वर्षांची नात नोएलिया नेहमी भूकंप होते. ती टेबल हलवते, बाकीचे खालून किंचाळत पळतात, मग कुणीतरी माझा आवाज काढून म्हणतं, "हळूहळू श्वास घ्या हं, बाळांनो." मी एवढी गोड बोलते? हा खेळ थांबवावा का, हे बरेच दिवस मनात घोळत होतं. मग लक्षात आलं, शेवट रोज वेगळा होतो, म्हणजे मुलं त्यात अडकलेली नाहीत. मध्यंतरी तर भूकंपच दमला आणि म्हणाला, मला जेवायला वाढा.

घराची डागडुजी कुठवर आली, हे तू दर पत्रात विचारतेस, आणि मी लिहिते, गवंडी मिळत नाही. ताई, डागडुजीची गरजच नाही. इंजिनियर येऊन दारावर हिरवा कागद चिकटवून गेले, घर राहण्याजोगं आहे म्हणून. मी अंगणातल्या झोळीत झोपते. कपडे हवे असले की श्वास रोखून आत जाते आणि हाताला लागेल ते घेऊन पळत येते. एका बैठकीला दोन पायांत दोन जातींच्या चपला होत्या. आणि दिवसभर दुसऱ्यांना सांगते, भीती वाटणं साहजिक आहे, थोडं थोडं घरात जायला लागा. हा माझा खोटेपणा की नुसतीच भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गुरुवारी सकाळी फाटक वाजलं. नोएलिया कमरेवर हात ठेवून उभी. मागे कोंबडीचं पातेलं घेऊन आजी, केळीची पानं आणि अख्खी बैठक.

"मी भूकंप," नोएलिया म्हणाली. "जेवायला आलेय."

"आज नको गं. घर आवरलेलं नाही."

"भूकंपाला आवरलेलं घर लागतं होय?" आजी म्हणाली. बायका हसल्या. मग ती जरा जवळ आली. "झोळी रस्त्यावरून दिसते, पोरी. आम्ही तरी कुठे छताखाली झोपतोय? तू चल म्हणजे आम्ही येतो, नाहीतर आम्ही येतो म्हणजे तू चल. काय ते लवकर ठरव, पातेलं जड आहे."

नोएलियानं माझं बोट धरलं. "हळूहळू श्वास घ्या हं," ती म्हणाली, माझ्याच आवाजात. मी आत गेले.

चूल पेटली. पानं जाळावर शेकली, भात चढला, आणि बायका बोलायला लागल्या. काय बोलल्या ते त्यांचं आहे, तुलाही सांगणार नाही. मधेच रस्त्यावरून ट्रक गेला. टांगलेल्या पळ्या खणखणल्या आणि आम्ही सगळ्या अंगणात. आजीच्या हातात उलथनं, कुणाच्या हातात शेकलेलं केळीचं पान, भूकंप माझ्या काखेत. ट्रकच होता, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी कुणी हसेना, कुणी हलेना.

तेवढ्यात वास आला. भात लागत होता.

आईच्या चुलीवर भात करपू द्यायचा? मी धावले. भांडं उतरवलं, आणि मग कळलं की मी आत आहे, एकटीच. मान वर करून पाहिलं. छत आपल्या जागी होतं.

"डॉक्टरबाई, वाचला का गं?" आजी बाहेरून ओरडली.

"बुडाला लागलाय थोडा. या आता."

एकेक करून आल्या. बुडाच्या खरपुडीवरून भांडणं झाली. शेवटी खरपुडी भूकंपानं खाल्ली.

तू यायचं म्हणतेस, ये. तुझं अंथरूण आतल्या खोलीत घालते. माझं, खरं सांगते, अजून अंगणातच आहे. पण हे पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलंय, पहिल्या ओळीपासून.

दार तेवढं उघडं ठेवलंय.

तुझीच,
ग्रिसेल्दा